पैकी नसलेले गुण

आमच्या घरात गुण नुसते सांगून चालायचं नाही. "गणितात त्र्याहत्तर" असं म्हटलं की बाबा पेपरातून डोकं वर न काढता विचारायचे, "कितीपैकी?" चाचणी वीसपैकी, सहामाही शंभरपैकी, आणि दहावी सातशेपैकी. त्या "पैकी"शिवाय आकड्याला अर्थच नव्हता. चुलतभाऊ, शेजारची मुलं, बाबांच्या ऑफिसातल्यांची मुलं, सगळे त्या एका शब्दाच्या अलीकडे-पलीकडे उभे असायचे.

१९८८ च्या मे महिन्यातली रात्र मला आठवते. सोलापूरचा उन्हाळा, भिंती रात्री अकरापर्यंत तापलेल्या, म्हणून आम्ही सगळे गच्चीवर झोपायचो. बाबांचं घोरणं सुरू झाल्यावर दादा माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "आज चोवीस हजार केले."

मी विचारलं, "कितीपैकी?"

तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "पैकी नसतं त्यात."

मला झोप लागेना. पैकी नसलेले गुण कसे असतील, हे मला खरोखर कळत नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी आईने मला दादाला जेवायला बोलवायला धाडलं आणि मी तो जायचा ते व्हिडिओ गेमचं दुकान पहिल्यांदा आतून पाहिलं. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत, पूर्वी पिठाची गिरणी होती त्या गाळ्यात चार मशिनं. भिंतींच्या खाचांमध्ये अजून पीठ अडकलेलं होतं, ते पडद्याच्या निळ्या उजेडात दिसायचं. आठ आण्याला एक पितळी टोकन. दाराशी स्टुलावर बसलेल्या मालकांना सगळी पोरं अण्णा म्हणायची. मी दादाला जेवायला चल म्हणाले, तो म्हणाला, "एवढी लाइफ संपू दे." ती लाइफ संपेपर्यंत मी त्याच्या पाठीशी उभी राहिले, आणि त्या दिवशी आम्ही दोघं उशिरा जेवलो.

मशीन गॅलगाचं होतं. जपानच्या नाम्को कंपनीने १९८१ साली काढलेला हा खेळ. खाली आपलं एक पांढरं विमान, वर रांगेत येऊन बसणारे किड्यांसारखे शत्रू. विमान डावीकडे-उजवीकडे सरकतं आणि गोळी झाडतं, बाकी काही करता येत नाही. नियम इतके कमी की पाठीमागे उभं राहून पाच मिनिटांत सगळे कळतात. तरीही त्यात एक जागा अशी होती की तिथे पोरांचा श्वास अडकायचा. वरचा मोठा हिरवा शत्रू खाली येऊन निळा झोत सोडतो आणि आपलं विमान ओढून नेतो. ते त्याच्या डोक्यावर लाल होऊन बसतं. दुसऱ्या विमानाने त्याला नेमकं टिपलं तर पकडलेलं विमान सुटून खाली येतं, शेजारी जोडलं जातं आणि आपण दोन विमानांनी दुप्पट गोळ्या झाडू लागतो. नेम चुकून आपल्याच पकडलेल्या विमानाला लागला की तेही गेलं. म्हणजे तीन लाइफपैकी एक मुद्दाम शत्रूच्या हाती द्यायची, ती परत मिळेल या भरवशावर. दादा हे करायचा तेव्हा शेजारच्या मशिनवरचे मुलगेही मान वळवून बघायचे.

खेळ संपला की पडद्यावर हिशेब यायचा. किती गोळ्या झाडल्या, किती लागल्या, लागल्याचं प्रमाण किती टक्के. त्या टक्क्यांत आम्हाला फारसा रस नव्हता. सगळ्यांची नजर असायची ती त्यानंतरच्या पहिल्या पाचांच्या यादीवर, कारण तिथे आकड्यापुढे नाव लिहायला मिळायचं. नाव म्हणजे तीन इंग्रजी अक्षरं, त्याहून जास्त नाही.

हा खेळ बनवणाऱ्यांच्या मनात आम्ही कुठेच नसणार, पण ती तीन अक्षरं मराठी माणसाच्या मापाने शिवल्यासारखी होती. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शाळेच्या हजेरीपटावर असतं तसंच. दादा जॉयस्टिक फिरवून एकेक अक्षर आणायचा, एस, व्ही, के, आणि तो सबंध माणूस तिथे उभा राहायचा. अडचण इतकीच होती की माझंही नाव एसवरूनच सुरू होतं आणि वडील व आडनाव तर एकच. त्या मशिनसाठी आम्ही दोघं एकच खेळाडू होतो.

मी खेळू लागले ते त्याच सुट्टीत. अण्णांनी एकदाच विचारलं, "घरी सांगितलंय का?" दादा हो म्हणाला आणि विषय तिथेच संपला. पहिले काही दिवस माझा खेळ दुसऱ्या स्टेजच्या पुढे गेला नाही. मग एकदा तिसरी स्टेज दिसली. तिच्यात शत्रू गोळ्या झाडत नाहीत, नुसते ओळीने उडत येतात आणि निघून जातात. एकूण चाळीस. चाळीसच्या चाळीस टिपले तर दहा हजार जादा. मला आज वाटतं, त्या सगळ्या खेळात "पैकी" होती ती एवढीच एक जागा. बाबांना दाखवता आली असती अशी.

या साध्या खेळांची ओढ कशात असते, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. रंग आणि आवाज हे वरवरचं कारण झालं. मला त्यांचा न्याय आवडायचा. मी हरले तर का हरले हे त्याच क्षणी दिसायचं. उजवीकडे सरकायला उशीर झाला, बस. पेपर तपासणाऱ्याचा मूड नाही, अक्षर खराब म्हणून कापलेले दोन गुण नाहीत, "मुलगी असून" नाही आणि "मुलगी म्हणून"ही नाही. चूक माझी, आणि ती सुधारायची संधी आठ आण्यांच्या अंतरावर. शाळेत चुकलेलं गणित पुढच्या परीक्षेपर्यंत चुकलेलंच राहायचं.

पण या न्यायाच्या मुळाशी एक व्यवहारही आहे, तो नंतर कळला. अण्णांना पैसे मिळायचे ते एक मुलगा हरून दुसरा उभा राहिला की. जो हरत नाही तो दुकानाच्या तोट्याचा. म्हणून हे खेळ असेच बांधलेले असतात की प्रत्येकाने हरावं, आणि आपल्याच चुकीने हरलो असं त्याला वाटावं. त्यांत जिंकणं ठेवलेलंच नाही. स्कोअर म्हणजे हरणं किती वेळ लांबवलं त्याचा हिशेब.

१९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी स्पेस इन्व्हेडर्स बनवला, तिथेच हे सगळं स्पष्ट दिसतं. पाच रांगांत अकरा-अकरा, एकूण पंचावन्न परग्रहवासी एकेक पाऊल खाली उतरत येतात. तेव्हाच्या प्रोसेसरला इतक्या आकृत्या हलवताना वेळ लागायचा. एकेक मरत गेला की काम कमी व्हायचं आणि उरलेले आपोआप वेगाने धावू लागायचे. निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं. आपण जितकं चांगलं खेळावं तितका खेळ अवघड होतो, ही सगळ्या जगाला पुढे सवयीची झालेली गोष्ट अशी यंत्राच्या दमण्यातून आली. आणि पडद्याच्या वर, सगळ्यांना दिसेल असा, तोवरचा सगळ्यात मोठा आकडा.

अण्णांच्या दुकानात मात्र त्या आकड्याचा भरवसा नव्हता. गॅलगाच्या मशिनला वीज असेपर्यंतच आठवण राहायची. रात्री अण्णांनी मेन स्विच पाडला की यादी कोरी. आणि सोलापुरात मेन स्विच पाडायला अण्णाच लागत असं नाही, दुपारी लाइट जायची ती कधीही. चार मशिनं एकदम अंधारात जायची, पोरांचा एकच "आईगं!" उठायचा आणि लाइट आल्यावर पडद्याच्या वर मशिनचा स्वतःचा २०,००० हा आकडा पुन्हा येऊन बसलेला असायचा. सकाळपासून कुणी काय केलं याचा मागमूस नाही.

दादाने पन्नास हजारांच्या वर मजल मारली त्या दुपारी असंच झालं. अक्षरं घालून झाली होती, आम्ही सायकल काढत होतो, आणि लाइट गेली. दादा काही बोलला नाही. सायकलच्या हँडलवर दोन्ही हात ठेवून तसाच उभा राहिला. अण्णांनी ते पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी दुकानात खिळ्याला सुतळीने बांधलेली शंभर पानी वही लटकत होती, आणि पहिल्या पानावर लाल पेनाने दादाचं पूर्ण नाव आणि त्यापुढे आकडा, हजारांच्या जागी स्वल्पविराम देऊन, किराणा दुकानाच्या खात्यात लिहितात तसा.

पुढे नियम ठरला. अण्णांनी स्वतः पडद्यावर पाहिलेला आकडाच वहीत जाणार. मी एकदाच त्या वहीत आले. ३१,४६० झाले तेव्हा अण्णा स्टुलावरून उठून आले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी आकडा दोनदा वाचला आणि वहीत लिहिलं, "एस. व्ही. के. ची बहीण." मी म्हणाले, "अण्णा, मीपण एस व्ही केच आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ती ओळ नीट खोडली आणि माझं नाव विचारून पूर्ण लिहिलं. माझं संपूर्ण नाव शाळेबाहेर कुठे लिहिलं गेल्याची ती पहिली वेळ असावी. लग्नानंतर त्यातली दुसरी आणि तिसरी अक्षरं बदलली. आता पासबुकावर आणि आधारवर वेगळीच तीन आहेत. पण कुठल्याही खेळाने तीन अक्षरं मागितली की माझी बोटं अजून तीच जुनी घालतात.

मोठी झाल्यावर मला कळलं की पैकी नसलेल्या त्या खेळांनाही पैकी होतं, फक्त ते खूप दूर होतं. १९८० च्या पॅकमॅनमध्ये, म्हणजे भुतांना चुकवत ठिपके खात जायच्या खेळात, स्टेजचा आकडा आठ बिटांच्या खणात साठवलेला असतो. त्या खणात ० ते २५५ एवढंच मावतं. दोनशे छप्पन्नावी स्टेज आली की मोजणी कोसळते आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरं आणि चिन्हांच्या कचऱ्याने भरून जातो. पुढे जाण्यापुरते ठिपकेच मिळत नाहीत. कुणी इतक्या दूर येईल असं बनवणाऱ्यांना वाटलंच नव्हतं. पण लोक आले. आणि मग शेवट सापडल्यावर पैकीही काढता आलं. एकही लाइफ न गमावता तिथपर्यंत यायचं, वाटेतला प्रत्येक ठिपका, प्रत्येक फळ आणि निळं झालेलं प्रत्येक भूत खायचं, तर जास्तीत जास्त गुण ३३,३३,३६०. त्याहून एकही अधिक नाही. असा खेळ झाल्याची पहिली नोंद १९९९ ची आहे.

पॅकमॅनची भुतं यदृच्छेने फिरत नाहीत. प्रत्येकाचा नियम ठरलेला. एक थेट मागे लागतो, दुसरा आपल्या तोंडापुढची चार घरं सोडून नेम धरतो. आपण अगदी तोच रस्ता त्याच वेळेत घेतला तर तीही तशीच येतात. म्हणून पट्टीचे खेळाडू रस्तेच पाठ करत, जशी आमच्या वेळी दहावीची मुलं अपेक्षित प्रश्नसंच पाठ करायची. आणि हे कळलं तेव्हा मला थोडं वाईट वाटलं. पैकीच्या पैकी मिळवायचे तर खेळणं सोडून पाठांतराकडे जावं लागतं, हे मी शाळेत पाहिलं होतं. तिथेही तेच असावं असं मला वाटत नव्हतं.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या तेरा वर्षांच्या एका मुलाने निन्टेन्डोचा १९८९ चा टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचायचा खेळ, शेवटापर्यंत नेला. त्याचं चित्रण मी तीन वेळा पाहिलं आहे. या खेळात एकोणतिसाव्या पातळीपासून ठोकळे इतक्या वेगाने पडतात की बटण दाबून धरलं तर ते कडेपर्यंत पोचतच नाहीत. पुष्कळ वर्षं सगळ्यांनी हाच शेवट मानला होता. मग खेळाडूंनी वेगळीच युक्ती काढली, बटणावर एक बोट हलकं टेकवायचं आणि कंट्रोलरच्या पाठीवर दुसऱ्या हाताच्या बोटांनी तबल्यावर वाजवावं तसं एकामागून एक वाजवायचं. तो मुलगा असा १५७ व्या पातळीपर्यंत गेला आणि खेळ गोठला. त्याआधी हे फक्त संगणकाच्या प्रोग्रामला जमलं होतं. मला त्यात सगळ्यात जास्त भिडलं ते स्कोअरच्या जागी दिसणारं. तिथे ९,९९,९९९ वर आकडा केव्हाचाच अडकलेला होता, त्यापुढचं मोजायला पडद्यावर जागाच नव्हती. कुणी मोजत नसताना तो मुलगा खेळत राहिला होता.

२००५ साली बाबांची बायपास झाली. पुण्यात, मोठं हॉस्पिटल, रात्री बाहेरच्या बाकावर मी आणि दादा. दोघांत एक नोकिया ११०० होता, दादाचा, आणि त्यात स्नेक. दादा खेळायचा, साप स्वतःवर आदळला की फोन माझ्याकडे द्यायचा. मी मेले की परत त्याच्याकडे. साडेदहा ते पहाटे चार. त्या खेळाचे मी उपकार मानते, हे आधी सांगते. आत काय चाललंय ते आमच्या हातात नव्हतं, आणि त्या छोट्या हिरवट पडद्यावर मात्र पुढच्या सेकंदाला काय करायचं ते नक्की माहीत होतं. वर, खाली, डावीकडे. मनाला धरायला एवढी एक खुंटी मिळाली.

पण त्या रात्री आम्ही एकमेकांशी बोललो नाही. बोलायचं खूप होतं. बाबांना पुढे कुणाकडे ठेवायचं, घर विकायचं की नाही, आईच्या वेळी आमच्यात जे झालं आणि नंतर कधीच निस्तरलं गेलं नाही ते. साडेपाच तासांत प्रत्येक वेळी साप मेला की दोन सेकंदांची शांतता यायची, त्या शांततेत कुणीतरी सुरुवात करू शकलं असतं. आम्ही फोन पुढे केला. त्या रात्रीचा सर्वांत मोठा स्कोअर किती होता हे मला आठवत नाही, दादालाही आठवत नसेल. गिरणीच्या गाळ्यातले ३१,४६० मात्र मला आकड्यानिशी आठवतात.

मला वाटतं, या खेळांची खरी मर्यादा इथे आहे. त्यांना "पुरे" म्हणता येत नाही. अण्णांच्या दुकानात ते म्हणणारे बाहेर खूप होते. खिशातले आठ आणे संपायचे, मागे पोरं ताटकळलेली असायची, आई बोलवायला धाडायची, लाइट जायची. ही सगळी मंडळी खेळाच्या आड येतात असं आम्हाला तेव्हा वाटायचं. त्या बाकावर आड यायला कुणीच नव्हतं. बॅटरीसुद्धा संपली नाही.

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "हृदयाचं पंपिंग पंचेचाळीस टक्के आहे." बाबांनी उशीवरून मान वळवून क्षीण आवाजात विचारलं, "शंभरपैकी?" डॉक्टर हसले. म्हणाले, "शंभर कुणाचंच नसतं, आजोबा. साठ-पासष्ट म्हणजे पैकीच्या पैकी." बाबांनी डोळे मिटून मनाशी हिशेब केलेला मी पाहिला. पंचेचाळीस, साठपैकी. मग ते म्हणाले, "बरं आहे की." त्यानंतर बाबा अकरा वर्षं होते. दादाकडे सहा, माझ्याकडे पाच. ते ठरवायला आम्हाला नंतर बोलावंच लागलं, आणि सोपं गेलं नाही.

गेल्या दिवाळीत दादाकडे गेले होते. एक दिवस दुपारी नेट गेलं आणि नऊ वर्षांची भाची माझा फोन घेऊन त्यातल्या डायनासोरच्या खेळाला लागली. नेट नसलं की ब्राउझरमध्ये येतो तोच. पळायचं आणि काट्यांच्या झाडावरून उडी मारायची, एवढंच. दर शंभराला आकडा लुकलुकतो. सातशेला दिवस मावळून पडदा काळा होतो.

तिच्या पाठीशी मी उभी होते. बराच वेळ ती दोनशे-तीनशेच्या पुढे जाईना. मग वळून तिने विचारलं, "आत्या, हे कितीपैकी असतं?"

दादा समोर बसून फराळाचं ताट आवरत होता. त्याचे हात थांबले.

"पैकी नसतं त्यात," मी म्हणाले.

तिने थोडा विचार केला. "मग मी हजार ठरवते," म्हणाली, आणि पुन्हा सुरू केलं. सहा-सात वेळा मेली. एकदा नऊशे चाळीसला. नंतरच्या खेपेला सातशेला रात्र झाली, पुन्हा उजाडलं, आठशे, नऊशे, हजार लुकलुकलं, आणि तिने दोन्ही हात फोनवरून उचलून घेतले. डायनासोर आणखी थोडा पळाला आणि समोरच्या झाडावर आदळला. १०१६.

"झालं," ती म्हणाली, आणि पाणी प्यायला आत निघून गेली.

फोन गादीवर तसाच पडला होता, पडदा उजळलेला. दादाने हात पुसले, फोन उचलला आणि चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला.

"सरक जरा," तो म्हणाला. "मी बघतो एकदा."

मी सरकले आणि त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिले.